चुकीची किंमत कोण भरतं?

(घोटी येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची लय शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय फलकावर ‘डिजिटल सेवांची रचना आणि वापराचा अनुभव’ असा लिहिला आहे. शब्द जरा जड आहेत. इंग्रजीत ज्याला यूझर एक्सपीरियन्स डिझाइन, थोडक्यात यूएक्स म्हणतात, तेच हे. हे नाव ऐकलं की वाटतं, बटणांचा रंग, अक्षरांचा आकार, चित्रं कुठे ठेवायची वगैरे मुंबई-पुण्यातल्या काचेच्या इमारतींत ठरणाऱ्या गोष्टी. त्याचा घोटीशी काय संबंध? आज आम्ही जे मांडणार आहोत ते असं, की त्याचा खरा हिशोब इथेच लागतो. भाताच्या खाचरात लागतो, बाजारातल्या गल्ल्यावर लागतो, टोलनाक्याच्या रांगेत लागतो.

आपल्याकडे नाटकाचं परीक्षण होतं, सिनेमाचं होतं, दिवाळी अंकांचंही होतं. पण ज्या पडद्यावर आपण सातबारा बघतो, पैसे पाठवतो, पिकाची नोंद करतो, त्याचं परीक्षण कुणी करत नाही. फार तर आपण म्हणतो, ‘अ‍ॅप भंगार आहे’ किंवा ‘सर्व्हर डाऊन आहे’. हे रडगाणं झालं, टीका नव्हे. टीकेला निकष लागतो. काय चांगलं, काय वाईट, आणि कशाच्या आधारावर, हे सांगावं लागतं. आज आपण एकच निकष घेऊ आणि तो रोजच्या तीन-चार गोष्टींना लावून बघू. निकष असा: वापरताना चूक झाली, तर त्या चुकीची किंमत कोण भरतं?

हा निकष आम्ही हवेतून काढलेला नाही. डोनाल्ड नॉर्मन नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत. रोजच्या वापरातल्या वस्तूंच्या रचनेवर त्यांचं पुस्तक १९८८ साली आलं. त्यातला मुद्दा साधा आहे. दार ढकलायचं की ओढायचं हे कळत नसेल, तर दोष माणसाचा नाही, दाराचा आहे. ज्याला आपण ‘माणसाची चूक’ म्हणतो ती पुष्कळ वेळा रचनेची चूक असते. पुढे १९९०च्या दशकात अ‍ॅपल कंपनीत असताना यूझर एक्सपीरियन्स हा शब्दही त्यांनीच रूढ केला. १९९४ मध्ये याकोब नील्सन यांनी पडद्याच्या रचनेची दहा सूत्रं प्रसिद्ध केली. जगभरच्या डिझाइनच्या वर्गांत ती आजही शिकवतात. त्या दहांतली निदान तीन चुकीबद्दल आहेत: चूक होऊच नये अशी मांडणी करा, झालीच तर माणसाला कळेल अशा भाषेत सांगा, आणि मागे फिरायला वाट ठेवा.

आता या मंडळींनी जी चूक डोळ्यांसमोर धरली होती, ती बहुतेक वेळा कचेरीतल्या माणसाची. फाइल पुसली गेली, पान हरवलं, दहा मिनिटं वाया गेली. आपल्याकडची चूक दहा मिनिटांची नसते. एका चुकीच्या ‘होय’मुळे महिन्याचे पैसे थांबतात. एक नोंद राहिली, तर कागदोपत्री शेतात पीकच नसतं. म्हणून आम्ही प्रश्न थोडा पुढे नेतो. चूक टळते का, एवढंच विचारून भागत नाही. ती कुणाच्या खिशातून जाते, हेही विचारावं लागतं.

आधी एक चांगलं उदाहरण घेऊ, नाहीतर म्हणाल नुसती तक्रारच करायला आलेत.

बाजारपेठेत कुठल्याही दुकानात जा. गल्ल्यावर एक छोटा डबा असतो. पैसे आले की बोलतो, इतके रुपये मिळाले. साउंडबॉक्स म्हणतात त्याला. पेटीएमने तो २०१९ च्या सुमारास आणला, मग बाकीच्यांनी आणला. तांत्रिकदृष्ट्या त्यात फार मोठं काही नाही. एक सिमकार्ड, एक स्पीकर. पण त्याआधी काय होत होतं ते आठवा. यूपीआय २०१६ मध्ये आलं. दुकानदाराला पैसे आले की नाही हे कळायला मोबाइल काढायचा, मेसेज बघायचा. हात पिठाने भरलेले, समोर पाच गिऱ्हाइकं उभी. गिऱ्हाईक आपला पडदा दाखवून म्हणणार, ‘गेले बघा’. तो पडदा खरा की जुना फोटो, कसं ओळखायचं? चूक झाली तर भुर्दंड दुकानदाराला.

डब्याने काय केलं? खात्री करण्याचं काम डोळ्यांकडून कानाकडे नेलं. वाचता येतं की नाही हा प्रश्नच मिटला. आणि मुख्य म्हणजे, पैसे आले की नाहीत हे दोघांना एकाच क्षणी, एकाच आवाजात कळलं. वाद संपला. ही रचना करणाऱ्याने दुकानात उभं राहून गल्ला बघितला असणार, हे तिच्याकडे बघून कळतं. अर्थात फुकट काही नसतं. अनेक ठिकाणी या डब्याचं महिन्याचं भाडं दुकानदारच भरतो. म्हणजे चूक टळली, पण ती टाळण्याचा खर्च पुन्हा त्याच्याच माथी. तरीही तो भाडं भरतो, कारण चुकीची किंमत त्याहून मोठी होती.

आणि जेव्हा डबा बोलतच नाही तेव्हा? खात्यातून पैसे कापले गेले, दुकानात पोचले नाहीत. दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. यावर रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा आदेश आहे. दुकानदाराला पैसे देताना असं झालं, तर पाच दिवसांच्या आत रक्कम आपोआप परत यायला हवी. त्याहून उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाने मागण्याची वाट न बघता. बघा, नियम किती स्पष्ट आहे! यंत्रणेची चूक, तर किंमत यंत्रणेने भरायची. पण व्यवहार अडकतो तेव्हा पडद्यावर बहुतेक वेळा काय दिसतं? ‘प्रलंबित’. पैसे कोणत्या तारखेपर्यंत परत येतील, नाही आले तर तुमचा हक्क काय, हे त्या क्षणी कुणी सांगत नाही. हक्क आहे, पण तो परिपत्रकात आहे. पडद्यावर नाही. आमच्या मते हा यूएक्सचा दोष आहे, आणि तो रंगाच्या किंवा अक्षराच्या दोषापेक्षा मोठा आहे.

असंच दुसरं उदाहरण महामार्गावरचं. मुंबई-आग्रा महामार्गावरचा घोटीचा टोलनाका आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. १६ फेब्रुवारी २०२१ पासून सगळ्या राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला. टॅग नसेल किंवा चालत नसेल तर दुप्पट टोल. नोव्हेंबर २०२५ पासून त्यात थोडा बदल झाला. रोख दिलेत तर दुप्पट, यूपीआयने दिलेत तर सव्वापट, असं तेव्हा ठरलं. म्हणजे वाहनवाल्याच्या चुकीची किंमत किती, हे नियमात पैशापर्यंत मोजून ठेवलं आहे. पण चूक नाक्यावरच्या यंत्राची असेल तर? तुमचा टॅग चालू आहे, खात्यात पुरेसे पैसे आहेत, आणि मशीनच वाचत नाही. २०१८ मध्ये टोलच्या नियमांत यासाठी तरतूद करण्यात आली. अशा वेळी वाहन पैसे न घेता सोडायचं आणि शून्य रकमेची पावती द्यायची.

आमच्या दृष्टीने ही तरतूद म्हणजे उत्तम डिझाइन आहे. यंत्र बिघडलं तर नुकसान यंत्राच्या मालकाचं, म्हणून यंत्र नीट ठेवण्याची गरजही त्यालाच. पण इथे बसलेल्यांपैकी किती जणांना शून्याची पावती माहीत आहे? मागे दहा गाड्या हॉर्न वाजवत असताना कोण नियम काढून दाखवणार? तेव्हा चुकीची किंमत कुणी भरायची हे कागदावर ठरवून पुरत नाही. ज्या क्षणी चूक होते, त्या क्षणी, त्या जागी ते सांगावं लागतं.

आता मुख्य विषयाकडे येऊ. ई-पीक पाहणी.

हे अ‍ॅप राज्यभर सुरू झालं १५ ऑगस्ट २०२१ रोजी. महसूल विभागाने टाटा ट्रस्टच्या सहकार्याने ते उभं केलं. त्यामागचा विचार आम्हाला आजही चांगला वाटतो, हे आधीच सांगतो. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातवर जमीन कुणाची ते, बारावर त्यात पीक काय ते. बाराची नोंद तलाठी करायचे. एका तलाठ्याकडे अनेक गावं असायची. प्रत्येक हंगामात प्रत्येक गटावर जाणं माणसाला शक्य नसतं. मग चावडीत बसून, मागच्या वर्षीचं बघून, अंदाजाने नोंदी होत, अशी तक्रार जुनी आहे. शेतात एक आणि उताऱ्यावर दुसरंच. यावर उपाय म्हणून शेतकऱ्यानेच आपल्या पिकाचा फोटो काढून नोंद करावी असं ठरलं. घोषवाक्यही तसंच दिलं: माझी शेती, माझा सातबारा, मीच लिहिणार माझा पीकपेरा. शेतकऱ्याच्या हाती लेखणी देणारी ही कल्पना आहे. तिला नावं ठेवायचं कारण नाही.

पण लेखणी कशी दिली, ते बघू.

मोबाइल नंबर टाकायचा. विभाग, जिल्हा, तालुका, गाव निवडायचं. मग खातेदार शोधायचा: पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव, खाते क्रमांक किंवा गट क्रमांक यांपैकी काहीतरी देऊन. मग चार अंकी संकेतांक. पुढे हंगाम, पिकाचा वर्ग, पिकाचं नाव, क्षेत्र, सिंचनाचं साधन, लागवडीची तारीख. आणि शेवटी शेतात उभं राहून पिकाचा फोटो, त्याच्यासोबत अक्षांश-रेखांश.

यातला प्रत्येक शब्द महसूल खात्याचा आहे. ‘निर्भेळ पीक’ म्हणजे काय, हे रानात कुणाला विचारा. एकच पीक असं म्हटलं असतं तर पोरालाही कळलं असतं. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये. इथे माणूस एकर-गुंठ्यात विचार करतो. खरं तर एक गुंठा आणि एक आर जवळजवळ सारखेच, १०१ चौरस मीटर आणि १०० चौरस मीटर. ४० गुंठ्यांचा एकर म्हणजे साधारण ४० आर. हे रूपांतर यंत्राला एका क्षणात जमतं. मग ते माणसाने का करायचं? तर रचना करणाऱ्याने कागदावरचा तक्ता उचलून पडद्यावर ठेवला, म्हणून. तो तक्ता तलाठ्यासाठी बनला होता, ज्याला ही भाषा शिकवलेली होती. वापरणारा बदलला, पण भाषा तीच राहिली.

हे झालं शब्दांचं. आता पावसाचं बघू. खरिपाची पाहणी ऑगस्ट-सप्टेंबरात येते. इगतपुरी तालुक्यात ते दिवस कसे असतात हे आम्ही तुम्हाला सांगायला नको. आवणी उरकलेली किंवा उरकत आलेली, खाचरात पाणी, वर ढग आणि धुकं, मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत, आणि डोंगराच्या कुशीत गेलं की रेंज नाही. अशा वेळी अ‍ॅप म्हणतं, गटापाशी उभे राहा. खाचर असतं ५ गुंठ्यांचं. ५ गुंठे म्हणजे साधारण ५०० चौरस मीटर. चौकोनी धरलं तर एक बाजू २२-२३ मीटर. साध्या मोबाइलचं जीपीएस काही मीटर इकडे-तिकडे दाखवणारच. गटांचे नकाशेही जुन्या मोजणीवरून तयार झालेले. समजा, शेतकरी आपल्याच खाचरात गुडघाभर चिखलात उभा आहे आणि पडदा म्हणतो, तुम्ही शेतापासून दूर आहात. आता चूक कुणाची? मोबाइलची असू शकते, नकाशाची असू शकते, माणसाची असू शकते. पण पडद्याला तिसरीच शक्यता ठाऊक. माणूस चुकला, पुन्हा प्रयत्न करा.

इथे आमची टीका नेमकी काय, ते नीट ऐका. अंतराची अट घालूच नये असं आमचं म्हणणं नाही. घरी बसून खोट्या नोंदी होऊ नयेत म्हणून ती हवीच. पण अट मोडली तर नोंदच नाकारायची, की नोंद घेऊन तिच्यावर खूण करायची, या दोन वेगळ्या रचना आहेत. शेतकऱ्यांच्या नोंदींपैकी काही नोंदी गावच्या महसूल अधिकाऱ्याने तपासायच्या अशी पद्धत या योजनेत आहेच. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हे प्रमाण १० टक्के ठेवलं होतं. मग जिथे नकाशा आणि मोबाइल जुळत नाहीत, नेमक्या त्याच नोंदी आधी तपासा. नोंद आत घ्या, शंका सरकारने सोडवा. तसं केलं की चुकीची किंमत वाटली जाते. आता ती सगळी चिखलात उभ्या असलेल्या माणसाकडून वसूल होते.

आणि किंमत लहान नाही. पीक नोंद नाही म्हणजे कागदावर ते शेत पडीक. पीक कर्ज, पीक विमा, हमीभावाने खरेदी, अतिवृष्टीची मदत, सगळीकडे पहिला प्रश्न तोच: पीकपेरा लावला आहे का? भात कापून खळ्यावर आलेला असतो आणि उताऱ्यावर काहीच उगवलेलं नसतं.

चूक दुरुस्त करायची सोय आहे का? २०२२ मध्ये ती आली. नोंद केल्यापासून ४८ तासांत शेतकऱ्याला स्वतः एकदा दुरुस्ती करता येते. हे पाऊल चांगलं होतं, आधी तेही नव्हतं. पण ४८ तास कुठून आले? पडद्यासमोर बसणाऱ्या माणसासाठी दोन दिवस पुष्कळ झाले. इथे मोबाइल असतो पुतण्याचा. पुतण्या कामाला नाशिकला, सातपूरला. रविवारी येतो, नोंद करून देतो, सोमवारी पहाटे जातो. चूक लक्षात येते उतारा हातात पडल्यावर, म्हणजे सोसायटीत किंवा खरेदी केंद्रावर. तोवर कित्येक ४८ तास उलटलेले असतात. मग अर्ज, चावडी, तहसील, हेलपाटे. घोषवाक्य म्हणतं, मीच लिहिणार. लिहिण्याचा हक्क दिला, खोडण्याचा मात्र दोन दिवसांपुरता.

आता त्या पुतण्याकडे जरा बघू, कारण या सगळ्या नाटकातलं ते महत्त्वाचं पात्र आहे. अ‍ॅपची रचना करताना समोर एक चित्र असतं: एक शेतकरी, एक मोबाइल, एक शेत. गावात असं नसतं. एक हुशार पोरगा असतो किंवा नेट सेंटरवाला असतो, आणि त्याच्याकडे अर्ध्या वाडीची नोंद असते. खातं सामाईक असतं, उताऱ्यावर नाव अजून आजोबांचं असतं, वारसनोंद व्हायची असते. एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, ही सोय अ‍ॅपमध्ये आहे. म्हणजे रचना करणाऱ्यांना वस्तुस्थिती माहीत होती. पण मदतनिसाला त्यांनी पुढे काही दिलं नाही. मदत करणाऱ्याने काय भरलं, हे ज्याचं शेत त्याला परस्पर कळण्याची सोय हवी. ‘तुमच्या अमुक गटात इतक्या क्षेत्रावर भात नोंदवला आहे’ असा साधा मराठी मेसेज, वाचून दाखवणारा फोन, काहीही. दुकानातल्या डब्याने दोघांना एकदम सांगितलं म्हणून विश्वास बसला. इथेही तेच हवं.

एक मात्र मान्य केलं पाहिजे. केंद्राच्या डिजिटल क्रॉप सर्व्हेशी ही पद्धत जोडल्यावर शेतकऱ्यांकडून राहिलेल्या गटांची पाहणी करायला गावपातळीवर सहायक नेमण्यात आले. म्हणजे मदतनीस आता व्यवस्थेत आला. जे गाव आधीपासून करत होतं ते व्यवस्थेने उशिरा का होईना ओळखलं. पण पहिल्या वर्षापासून मुदत वाढवत नेण्याची पाळी आली, ती का? मुदतवाढ म्हणजे रचना फसल्याची सरकारी कबुली असते. तिच्याकडे उपकार म्हणून न बघता माहिती म्हणून बघितलं, तर पुढचं अ‍ॅप सुधारेल.

आता दुसरं एक उदाहरण, कारण दोष फक्त रानात नाही, भाषेतही आहे. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना २०२४ मध्ये सुरू झाली. महिन्याला १५०० रुपये. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. त्या अर्जात नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यावर येणारा ओटीपी मागितला होता. ज्यांचा नवरा नाही, वडीलही नाहीत, त्यांनी काय करायचं, याचं उत्तर पडद्यावर नव्हतं. विधवा आणि एकट्या बायका, म्हणजे ज्यांना त्या पैशांची सगळ्यात जास्त गरज, त्यांनाच वाट नाही. तरतूद नंतर करावी लागली, मुदत वाढवावी लागली.

पण त्याच अर्जातला दुसरा नमुना आम्हाला जास्त शिकवून जातो. कुटुंबातलं कुणी कायम सरकारी नोकरीत ‘नाही’, निवृत्तिवेतन घेत ‘नाही’, अशा अर्थाचं एक लांबलचक वाक्य आणि त्यापुढे होय किंवा नाही. म्हणजे घरात कुणी नोकरीत नसेल तर उत्तर ‘होय’. आता मराठी माणसाला विचारा, ‘काल आला नाहीत ना?’ एक म्हणेल, ‘हो, नाही आलो.’ दुसरा म्हणेल, ‘नाही, नाही आलो.’ दोन्ही मराठी बरोबर. समोर माणूस असतो, त्याला कळतं. यंत्राला फक्त एक शब्द कळतो. घरात कुणी नोकरदार नाही म्हणून बाईने सरळ ‘नाही’ दाबलं, की यंत्राच्या लेखी तिच्या घरात सरकारी नोकर आहे. अनेक बायकांचं असं उत्तर चुकल्याचं पुढे बातम्यांतून आलंच.

ही चूक त्या बायकांची म्हणायची का? प्रश्न सरळ विचारता आला असता: तुमच्या घरात कुणी सरकारी नोकरीत आहे का? आणि उत्तर दिल्यावर पडद्याने उलट सांगायला हवं होतं: ‘तुमच्या उत्तराचा अर्थ असा, की तुमच्या घरात सरकारी नोकर आहे आणि तुमचा हप्ता बंद होऊ शकतो. बरोबर आहे का?’ एवढं एक वाक्य. ते लिहायला एका माणसाचे पाच मिनिटं लागतात. ते लिहिलं नाही म्हणून किती जणींचे दिवस हेलपाट्यांत गेले, त्याचा हिशोब कुठल्याच अंदाजपत्रकात येत नाही. पाच मिनिटं वाचली कुणाची आणि दिवस गेले कुणाचे, हे बघणं म्हणजेच आम्ही म्हणतो ती टीका.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला: सैल ठेवलं तर लबाड लोक फायदा घेतील. बरोबर आहे. लबाडी होते, आणि ती रोखायलाच हवी. पण लबाडी वेगळी आणि चूक वेगळी. लबाड माणूस प्रश्न नीट वाचतो, कारण त्याला काय लिहायचं ते ठाऊक असतं. उलटा प्रश्न त्याला अडवत नाही, तो अडवतो भोळ्याला. खूण करून नोंद घेणं, नंतर तपासणं, हे लबाडीविरुद्धही जास्त उपयोगी आहे.

दुसरा आक्षेप: लोकांनी शिकायला नको का? डिजिटल साक्षरता वाढवा. आमचं उत्तर असं, की लोक शिकतातच. याच माणसांनी यूपीआय कुठल्या शिबिरात शिकलं? बाजारात शिकलं. आणि कसं शिकलं बघा. नव्या माणसाला मोठी रक्कम पाठवायची असली की लोक आधी १ रुपया पाठवतात. ‘आला का? आला. मग बाकीचे टाकतो.’ हे कुठल्या डिझायनरने शिकवलेलं नाही, ही लोकांनी केलेली रचना आहे. मोठी चूक होण्याआधी लहान चूक करून बघायची, जी परवडते. जिथे चूक स्वस्त असते तिथे माणूस धीट होतो आणि भराभर शिकतो. जिथे एका चुकीने हंगामाची मदत जाते, तिथे तो मोबाइलला हातच लावत नाही, पुतण्याकडे देतो. मग आपणच म्हणतो, शेतकरी डिजिटल नाही! पीक पाहणीत हा एक रुपया कुठे आहे? नोंद करून बघण्याचा सराव, पाठवण्याआधी सगळं मराठीत वाचून दाखवणं, आणि हंगाम संपेपर्यंत दुरुस्ती. एवढं केलं तरी निम्मी भीती जाईल.

तेव्हा मंडळी, यापुढे कुठलंही सरकारी किंवा खासगी अ‍ॅप हातात आलं, की ते दिसायला कसं आहे हे नंतर बघा. आधी तीन प्रश्न विचारा. मी काय भरलं, ते मला माझ्या भाषेत परत सांगतं का? चुकलं तर मागे फिरायला किती दिवस आहेत? आणि चूक यंत्राची असेल तर ती यंत्राची आहे असं ते म्हणतं का? तिन्हींची उत्तरं ‘नाही’ आली, तर ते अ‍ॅप कितीही देखणं असो, त्याचा खर्च तुमच्या खिशातून चाललेला आहे.

शेवटी एक गोष्ट. चूक सुधारण्याची उत्तम रचना आपल्याकडे संगणकाच्या आधीपासून आहे. तिचं नाव चावडी वाचन. गावच्या नोंदी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायच्या. सातबाऱ्याचं संगणकीकरण झालं तेव्हाही नोंदींतल्या चुका शोधायला हीच पद्धत वापरावी लागली. नाव चुकलं की मागे बसलेली म्हातारी उठून म्हणते, ‘असं नाही ते.’ तिला मोबाइल लागत नाही, ओटीपी लागत नाही, हेक्टर-आर लागत नाही. हंगामाची पाहणी संपण्याच्या आठ दिवस आधी गटवार यादी ग्रामसभेत वाचली, कुठल्या गटावर काय पीक लागलंय आणि कुठला गट कोरा आहे हे सांगितलं, तर राहिलेली नोंद तिथल्या तिथे लक्षात येईल, आणि मुदत संपायच्या आत येईल. यासाठी नवीन अ‍ॅप करायला नको. घोटीच्या आसपासच्या ग्रामपंचायतींनी पुढच्या खरिपात हा ठराव घ्यावा, एवढं मागणं मांडून आम्ही थांबतो.

 आता प्रश्न घेऊ.